वाळूत दिसायचं नाही

९ डिसेंबर
फार्मवर पोचलो! शहरातली अल कुसैसची खोली सुटली. तिथं आठ जण सारखे बोलायचे, मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. इथं नुसती वाळू, घाफची झाडं आणि कुंपणात मोकळी हरणं. परवानावाले पाहुणे येतात, धनुष्यबाणानं शिकार करतात. मी मदतनीस. मॅनेजर उपेंद्र सर पुण्याचे. म्हणाले, "सुयश, नववीत शाळा सोडलीस, ठीक. तोंडपण तिथंच सोडलंस का?" मी नुसता हसलो. पाहुणे खूश झाले तर सीझनभर ठेवणार. नाहीतर परत त्या खोलीत.

१० डिसेंबर
याकूबचाचा बलुची आहेत. लपतछपत मागून जाऊन हरणं पाहुण्यांकडे वळवायची, हे त्यांचं काम. आज त्यांच्या शेजारी जाळीखाली पडून होतो. "हिलना मत." दुपारपर्यंत एवढंच बोलले. तरी एकटं वाटलं नाही. का, काय माहीत.

१२ डिसेंबर
दुकानातले शिकारीचे कपडे हिरवे, पानांचे! इथं हिरवं आहे काय? लांबूनच माणूस कळतो — डोकं, खांदे. गावी मामाबरोबर रानडुकरासाठी दबा धरून बसायचो. मामा म्हणायचा, माणसाचा आकार मोडायचा. मग चाचांच्या गोणपाटाला वाळकं गवत, काटक्या बांधल्या. खांद्यावर जास्त. तोंडाला, हाताला माती. हरणं त्यांच्या अगदी जवळून चरत गेली! चाचा म्हणाले, "शैतान! मेरी बीवी भी नहीं पहचानेगी." मोठ्यानं हसलो. किती दिवसांनी!

१३ डिसेंबर
कुणाचा फोन नाही.

१५ डिसेंबर
शहरातल्या जुमेरा लेक टॉवर्समधून एक साहेब आले. अंगाला अत्तर. आणि वारा आमच्याकडून हरणांकडे. मला कळत होतं — पण तोंडातून शब्द फुटेना. हरणं पळाली. साहेब पाय आपटत गेले. उपेंद्र सर ओरडले, "अरे, बोलायला दिरहम पडतात का तुला?" चाचांनी आपला अर्धा चहा मला दिला.

१८ डिसेंबर
उद्या तेच साहेब परत. सर म्हणाले, "उद्या हरीण मिळालं तर तुझं पक्कं. नाहीतर खलास." चाचा म्हणतात, सीझन संपला की समुद्रावर कल्बाला चल, मासे पकडू. मला 'चल' म्हणाले! उद्या मिळू दे. इन्शाल्ला.

१९ डिसेंबर
साहेबांनी कुणाला न सांगता जागा बदलली. मी मागे. हरीण आडवं उभं, छान. त्यांनी धनुष्य ताणलं. आणि हरणामागे झुडूप दिसलं — तिथं झुडूप नव्हतंच!
मी किंचाळलो. "चाचा आहेत! चाचा!"
हरीण उधळलं. साहेब दचकले, बाण वाळूत घुसला. म्हणाले, "कौन चाचा? कहाँ है?"
झुडूप उठून उभं राहिलं.

२० डिसेंबर
साहेबांना मी नको आहे. सर म्हणाले, "दुपारी गाडी येईल." माझ्याकडे बघत नव्हते. चाचा माझ्या बॅगेशेजारी वाळूत बसून राहिले, त्यांना बोलताच येईना. मीच बोलत होतो. गाडी आली तरी बोलत होतो.