लामेकचा कोंबडा

ब्लँटायर, ४ ऑक्टोबर

ती. फालेसीताईस,
धाकट्या लामेकचा शि. सा. नमस्कार. मी चालवतो ती मिनीबस डिझेलच्या रांगेत दोन-दोन दिवस उभी असते. मिळालं तरी भाव असा की भाड्यात काही उरत नाही. मक्याचं पीठ इतकं महागलंय की पोरं एकच वेळ न्सिमा खातात. मी आणि व्हेरिताने ठरवलंय, नोव्हेंबरच्या पावसाआधी थोडीफार शेती धरायची. आईचा ओढ्याकाठचा मळा मला दे. मका, भोपळे, रताळी लावीन. तू एकटी बाई, तुलाही आधार होईल. जुनं मनात धरू नकोस.
तुझाच, लामेक

देझा, ११ ऑक्टोबर

चि. लामेकास,
आशीर्वाद. एकटी बाई म्हणे! नवऱ्याने मला दोन पोरींसकट हाकललं, तेव्हा पाठीराखा भाऊ म्हणून सासरी येऊन बोलायचं काम तुझं होतं. चार निरोप धाडले. तू कळवलंस, डिझेल परवडत नाही. तेव्हा तर ते स्वस्त होतं! सासरचे हसले, म्हणाले, हिचा भाऊ मुका दिसतोय. मी पोतंभर मकासुद्धा न घेता तिथून निघाले. तेव्हापासून तुझ्यावर दात आहे माझा.
मळा आईचा, मग माझा, माझ्यामागे माझ्या थोरलीचा, तादालाचा. आपल्यात पुरुष बायकोच्या गावी शेती करतो, शहरात राहून विसरलास वाटतं. व्हेरिताच्या मामाकडे जा.
फालेसी

ब्लँटायर, १९ ऑक्टोबर

ती. ताईस,
मामाकडे जाऊन आलो. तो म्हणाला, तुमच्या लग्नाचा कोंबडा आमच्या दारी आलाच नाही, मग तू जावई कसला? शहरात कोण विचारतंय म्हणून मी ते राहूनच दिलं होतं. कोंबडा मुलाकडच्या मोठ्या माणसानेच न्यायचा असतो. आपले मामा गेले, आता घरात मोठी तूच. माझ्यातर्फे कोंबडा घेऊन तूच जा. रविवारी तो जमीन वाटणार आहे, तेव्हा शनिवारी पोच. तांबडा कोंबडा बसने पाठवतोय. पाया पडतो, ताई.
लामेक

देझा, २६ ऑक्टोबर

चि. लामेकास,
कोंबडा पोचला. अंगाने चांगला भरलेला होता. शनिवारी पाटीत घालून निघालेसुद्धा. फाट्यावर उभी राहिले आणि सासरच्यांचं ते हसणं कानात घुमायला लागलं. तशीच मागे फिरले. कापला, टोमॅटो-कांदा घालून रस्सा केला. पोरी विचारत होत्या, आज कसला सण? म्हटलं, मामा मुका झाला त्याचा.
लोभ आहे तेवढाच पुरे.
फालेसी

म्चिंजी, ८ नोव्हेंबर

ती. वन्संस,
व्हेरिताचा नमस्कार. मामाने त्या रविवारी भर सभेत कोंबडा मागितला. लामेक रडायचाच बाकी होता. जमीन मिळाली, पण मला. पोरं आमच्या घराण्याची, त्यांना कोण उपाशी ठेवेल? लामेकला मात्र सांगितलं, तू पाहुणा, आणि पाहुण्याने वेळेत निघावं. तिकडे मालकाने मिनीबसही काढून घेतली. ज्याला बायकोचं गाव नाही, तो बहिणीच्याच दारी जाणार. काल तो चटई काखेत मारून तुमच्याकडे निघाला. मी काही तुमच्यावर रागावले नाही. आता तुम्हीच सांभाळा.
व्हेरिता

देझा, २० नोव्हेंबर

चि. सौ. व्हेरितास,
आशीर्वाद. आला बाई. दार लावून घ्यायला हात शिवशिवत होते. पण तादालाचं लग्न ठरतंय, तिच्यामागे पाठीराखा म्हणून उभा राहायला दुसरा आहे कोण? त्याला परत धाडला असता तर धोंडा माझ्याच पायावर पडला असता. घेतला घरात.
मळ्यात त्याची मालकीण तादाला. ती सांगेल तिथे खणायचं, ती म्हणेल तेव्हाच जेवायचं. शिवाय लग्नाच्या बैठकीत त्याला तोंड उघडता यायला हवं ना, म्हणून मी रोज सराव घेते. एक वाफा खणून झाला की ताठ उभं राहायचं आणि ओरडून म्हणायचं, "बहिणीला हाकललं तेव्हा मी गेलो नाही." पहिल्या दिवशी आवाज फुटेना. आज ओढा ओलांडून गेला. माझं जुनं सासर ओढ्यापलीकडे, टेकडीवर आहे. तिथे अजून ऐकू जात नाही म्हणतात. अठरा वाफे बाकी आहेत.
पोरांना जवळ घे. माया असू दे.
तुझी वन्सं, फालेसी