शेजारी ठेवलेला पासवर्ड

मु. चऱ्होली
मंगळवार, दुपारची भांडी झाल्यावर

चिरंजीव चिमाजीस थोरल्या बहिणीचे, म्हणजे सुभद्राचे, पोटभर आशीर्वाद. वहिनीला आणि लेकरांना पण त्यातलेच वाटून दे.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. माझा डावा गुडघा सोडला तर मी पण बरी आहे, आणि तो गुडघा आता घरचाच झालाय, त्याची वेगळी चौकशी कशाला. तुझ्या कानाचं काय झालं? डॉक्टरने दिलेलं यंत्र तू कानात न घालता डबीत जपून ठेवतोस, असं वहिनी सांगत होती. फोनवर तू प्रत्येक गोष्टीला "हो हो, कळलं" म्हणतोस. मागच्या महिन्यात मी सांगितलं की ह्यांची अक्कलदाढ काढली, तर तू म्हणालास, "फार छान, असंच चालू द्या." म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांब आहे. चहा घेऊन बस. आणि शेवटपर्यंत वाच, कारण कामाचं शेवटी आहे.

तर आपल्या तनुजाला नोकरी लागली! (हे आधीच सांगून टाकलं, नाहीतर तुझा जीव टांगणीला लागायचा. तुला लहानपणी गोष्टीतला वाघ मेला की नाही हे आधी सांगावं लागायचं.) पण लागली कशी, ते ऐकण्यासारखं आहे, आणि त्यात तुझे उपकार आहेत. कसे, ते पुढे येईल.

तुला ठाऊक आहे, माझी ही नात वर्षभर कॉम्प्युटरवर वेबसाइट करायला शिकली. तिच्या बापाला ते पटत नव्हतं. त्याने चाकणच्या कंपनीत पॅकिंगच्या लाईनवर तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. म्हणाला, एक तारखेपर्यंत तुझं काही झालं तर ठीक, नाहीतर शिफ्टला जायचं. शिफ्टमध्ये वाईट काही नाही, आमच्या ह्यांची सगळी हयात शिफ्टमध्ये गेली. पण पोरीने मान खाली घालून "बरं" म्हटलं ना, ते मला बघवलं नाही. मला शाळेतून काढून गुरांमागे धाडलं तेव्हा मी पण असंच "बरं" म्हटलं होतं.

तळवड्याला ज्ञानेश सर म्हणून आहेत, त्यांचं छोटं ऑफिस आहे, सहा कॉम्प्युटर आणि एक कुलर. ते तिला म्हणाले, नुसतं सर्टिफिकेट नको, खऱ्याखुऱ्या दुकानाची वेबसाइट करून आण, सोमवारी अकराला बघतो. आता खरं दुकान आणायचं कुठून? मी म्हटलं, माझी भाकरी काय खोटी आहे? रोज साठ-सत्तर भाकरी मी करते, नवीन सोसायट्यांतली माणसं आणि खोल्या करून राहणारी कंपनीतली पोरं घेऊन जातात. ह्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, "भाकरीला विंटरनेट कशाला? वास पुरे हाय." पण वास तळवड्यापर्यंत जात नाही, चिमा.

मग पोरीने मला सगळं समजावून सांगितलं, आणि मला समजलं! तुला पण सांगते, म्हणजे तुझ्या नातवापुढे तू मान हलवत बसणार नाहीस. डोमेन म्हणजे दारावरची पाटी. जगात तशी पाटी एकच. आपल्या आळीत तीन सुभद्रा होत्या, तसलं तिथे चालत नाही. पण पाटी हवेत लटकत नाही, तिला भिंत लागते, ती जागा भाड्याने घेतात. त्याला होस्टिंग म्हणतात. ही जागा एका मोठ्या यंत्रात असते, तो सर्व्हर. तो कधी झोपत नाही, कोण आलं कोण गेलं सगळं त्याला ठाऊक, आपल्या आत्यासारखा. होम पेज म्हणजे ओसरी, येणारा पहिल्यांदा तिथेच टेकतो. लिंक म्हणजे आतल्या खोलीचं दार, बोट लावलं की उघडतं. आणि ब्राउझर म्हणजे रिक्षा, पत्ता सांगितला की बरोबर दारात नेऊन सोडते. अपलोड म्हणजे वस्तू माळ्यावर चढवणं आणि डाउनलोड म्हणजे खाली उतरवून घेणं. गंमत अशी, की हजार माणसांनी उतरवून घेतली तरी माळ्यावरची वस्तू माळ्यावरच राहते. असा माळा आपल्या आईला मिळाला असता तर तिने दुष्काळात कुणापुढे पदर पसरला नसता.

सगळ्यात शेवटी, पानाच्या तळाला, फूटर असतं. तिथे पत्ता आणि फोन लिहितात. तनुजाने एक दिवस दाखवलं की एकेचाळीस माणसं वेबसाइट बघून गेली. मी म्हटलं, अगं, एकेचाळीस माणसं ओसरीवर आली आणि तशीच गेली? कुणी पाणी विचारलं नाही? मग मी हट्टाने फूटरमध्ये लिहून घेतलं, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नये." (दोघं आले पण. दिला.)

पोरीने वेबसाइट अशी केली होती, की तिच्याशिवाय मलाही लिहिता यावं. आज बाजरीची आहे की ज्वारीची, ते मीच बदलायचं. तीन मोठी बटणं, मराठीत: "बदला", "फोटो लावा", "ठेवा". आत शिरायला मात्र पासवर्ड लागतो. तनुजा म्हणाली, आजी, पासवर्ड म्हणजे घराची किल्ली.

आता इथून पुढची चूक माझी की तिची, हे तूच ठरव.

किल्लीचं काय करतात, चिमा? बाहेरगावी जाताना शेजारी ठेवतात. माझ्या देवळीत आज आळीतल्या पाच घरांच्या किल्ल्या आहेत. शुक्रवारी आम्हा सगळ्यांनाच नणंदेच्या नातवाच्या बारशाला राजगुरुनगरला जायचं होतं. दोन दिवसांचा मुक्काम. घराची किल्ली समोरच्या रतनबाईकडे दिली, आणि पासवर्डही चिठ्ठीवर लिहून दिला. म्हटलं, कुणी काही विचारलं तर बघ गं. शनिवारी रतनबाईला दवाखान्यात जायचं होतं, तिने चिठ्ठी वरच्या मजल्यावरच्या पूनमकडे ठेवली. पूनमला माहेरी जायचं होतं, तिने दूधवाल्या गेनूभाऊंकडे दिली. रीतीत कुणाचं काही चुकलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी चपला काढते तोच तनुजाची किंकाळी ऐकू आली. मला वाटलं पाल पडली. बघते तर माझ्या होम पेजवर, भाकरीच्या फोटोच्या जागी, रतनबाईचा भाचा! टाय लावलेला. खाली लिहिलेलं, "मुलगा कंपनीत कायम. निर्व्यसनी. पत्रिका पाहत नाही." त्याच्याखाली पूनमने, "ब्लाउज एका दिवसात, फॉल-पिको करून मिळेल." आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या लाल अक्षरांत, गेनूभाऊ: "उद्या दूध उशिरा. म्हैस आजारी. बोंब मारू नये." शिवाय रतनबाईने खरेपणाला जागून लिहिलं होतं, "गरम भाकरी दोन दिवस मिळणार नाही, सुभद्रा बारशाला गेली आहे, मुलगा झाला आहे."

मी तशीच रतनबाईच्या दारात गेले. म्हटलं, "अगं, हे काय करून ठेवलंस?"

ती म्हणाली, "काय केलं? घर उघडलं, जरा झाडलं-लोटलं. बटणं व्हती, दाबली. मला काय ठाव, तुझी पोर रडंल म्हणून."

"आणि तो भाचा?"

"तो न्हाई का चांगला दिसत?"

चांगला दिसत होता, ते खोटं कशाला बोलू. पण तनुजा मुसमुसत होती. "आजी, उद्या अकराला सर बघणार आहेत, माझं सगळं संपलं." मग डोळे पुसून बसली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत एकेक करून सगळं काढलं. पासवर्ड बदलला. मला देवापुढे उभं करून शपथ घातली, की हा पासवर्ड शेजारीपाजारी कुणालाही सांगणार नाही. मी घेतली शपथ. सोमवारी तिच्याबरोबर तळवड्याला गेले. गुन्हा माझा, मग शिक्षेला पोरीने एकटीने का उभं राहावं? बरोबर डबा घेतला, दोन भाकरी आणि पिठलं.

ज्ञानेश सरांनी त्यांचा कॉम्प्युटर उघडला, आणि चिमा, तोच भाचा! टायसकट! म्हैस पण आजारीच! तनुजाचा चेहरा पिठासारखा पांढरा. झालं असं, की सरांनी रविवारीच दुपारी एकदा बघून घेतलं होतं. आणि ही जी ब्राउझरची रिक्षा सांगितली ना, ती कष्ट वाचवायला एकदा बघितलेलं पान जवळ ठेवते आणि पुन्हा मागितलं की तेच जुनं पुढे करते. ह्याला कॅश म्हणतात. मला नाही का तू अजून चड्डीतलाच दिसतोस, तुझं टक्कल कितीही समोर असलं तरी? तसंच. पान ताजं करून आण म्हटलं, त्याला रिफ्रेश म्हणतात, की मग नवीन दिसतं. सरांनी केलं, आणि माझी भाकरी आली.

पण सर भाच्याला विसरले नव्हते. म्हणाले, "कालचं ते कुणी केलं होतं?" मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. किल्ली, दवाखाना, माहेर, म्हैस, काही लपवलं नाही. सर आधी पोट धरून हसले, मग हसायचे थांबले आणि तनुजाला म्हणाले, "या तिघांना तू शिकवलं होतंस?" ती म्हणाली, "नाही सर. कुणालाच नाही." सर म्हणाले, "दूधवाल्यालाही नाही?" मी मधेच म्हटलं, "साहेब, गेनूभाऊ फोनवर फक्त भजनं ऐकतात."

तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सारली आणि सांगितलं, की मोठमोठ्या शिकलेल्या लोकांना आम्ही वेबसाइट करून देतो, आणि एक ओळ बदलायची तरी ते आम्हालाच फोन करतात. त्यांना बटणंच सापडत नाहीत. आणि हिने असं काही केलंय की म्हशीवाल्यालासुद्धा न विचारता जमलं. मग मला म्हणाले, "आजी, माझ्यासमोर एक ओळ लिहा बघू." एका बोटाने, एकेक अक्षर वेचून मी लिहिलं, "आज ज्ञानेश सरांना भाकरी दिली." आणि "ठेवा" दाबलं. सरांनी तिथेच डबा उघडला. तनुजा एक तारखेपासून कामाला. तिच्या बापाने कंपनीतला शब्द परत घेतला, आणि काल येताना पेढे आणले, ओट्यावर ठेवले. त्याला तेवढंच जमतं.

आता तुझे उपकार. ते अक्षर मी वेचलं, ते कुणाचं? पहिलीत बसले न बसले तोच माझं दप्तर काढून घेतलं, तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. पुढे शाळेतून आलास की गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मला अक्षरं काढून दाखवायचास. लबाडा, पहिल्यांदा तू मला स्वतःचंच नाव शिकवलंस, म्हणून मला सुभद्राच्या आधी चिमाजी लिहिता आलं. आईने भिंत सारवली की तू पुन्हा लिहायचास. त्या भिंतीवरून मी तळवड्याच्या ऑफिसात पोचले, आणि माझ्या मागून माझी नात. हे फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो, कळलं" म्हणाला असतास. म्हणून लिहून दिलं. पुन्हा पुन्हा वाच.

तुझी ताई, सुभद्रा (नावातला द्र मी नीट काढलाय, बघ)

ता. क. रतनबाईच्या भाच्याला दोन स्थळं सांगून आली, वेबसाइटवर बघून. पूनमकडे सहा ब्लाउज आले. म्हैस बरी आहे.

ता. क. दुसरा. आता कामाचं. तनुजा म्हणते, महत्त्वाची गोष्ट एकाच जागी ठेवू नये, तिची एक प्रत दुसरीकडे, लांब ठेवावी, त्याला बॅकअप म्हणतात. मी अडुसष्ट वर्षांची, विसरले तर? शपथ शेजारीपाजारी न सांगण्याची आहे, आणि तू तर ओतूरला राहतोस. म्हणून नवीन पासवर्ड तुझ्याकडे ठेवते आहे. तो असा: चिमाजी१२३४५६७८९. सगळं तूच शिकवलेलं आहे. हे कुणाला सुचणार?

कुणालाही सांगू नकोस. आणि तुम्ही दोघं गावाला वगैरे गेलात, तर हे पत्र शेजारच्या खंडूकडे ठेवून जा.