सगळं चालतंय, फक्त आईचा दिवा सोडून

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, भावोजींचा खोकला गेला का, हे फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर तू आधी हसतेस आणि मग ऐकतेस. म्हणून हा कागद.

तर, घरातलं तू बसवलेलं जुनं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. कबूल. आपले दिवे एका कंपनीचे, पंखे दुसरीचे, पडदे तिसरीचे, आणि या तिघांना फोनवरून एकत्र नांदवणारं ते सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा तरी रुसायचं. मग आई तुला फोन करायची आणि तू पाच तास बसचे धक्के खात यायचीस. (मागच्या खेपेला तर आईच्या दिव्याचा प्लग नुसता सैल होता, आठवतं?) तुझे हाल वाचावेत म्हणून नवं घातलं, देवाशपथ.

नव्यात आल्या आल्या एकतीसच्या एकतीस उपकरणं आपापली नावं विसरली. मी स्टुलावर चढून एकेकाचं पुन्हा बारसं केलं, आणि तिथेच माती खाल्ली. पडदा उघड म्हटलं की गिझर बंद, पंखा लाव म्हटलं की बाहेरची बेल. बायकोने तीन दिवस गार पाण्याने अंघोळ केली आणि चौथ्या दिवशी बोलणं सोडलं. (त्याआधी एवढंच म्हणाली, की घरात धड चालतोय तो फ्रीज, कारण त्याला तुमचा हात लागलेला नाही.) शेवटी सगळं जागेवर आलं, फक्त आईचा दिवा सोडून. मी तो जोडायचा, तो लागायचा, चहा पिऊन येतो तर पुन्हा बंद! आठ दिवस हाच खेळ चाललाय. जेवताना फोन बघतो, ऑफिसात फोन बघतो, कशात म्हणून लक्ष लागत नाही. आई मात्र अगदी निवांत आहे. ताईला विचार, एवढंच म्हणते.

पण तू मुळीच येऊ नकोस. एका दिव्यापुढे हात टेकणारा मी नव्हे.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायला डिंक हवा होता, म्हणून आईच्या खोलीत गेलो. आई पलंगामागे हात घालून दिव्याचा प्लग काढत होती. मी दुरुस्तीला आलो की तीच तो गुपचूप परत लावत असणार. मला बघून जराही ओशाळली नाही. म्हणाली, "तुझं हे नवं बिघडतच नाही रे. मग ती यायची कशी?"

ता. क. २. वरचं 'येऊ नकोस' खोडलंय असं समज. प्लग मी परत लावलेला नाही. शनिवारी ये, आणि पेचकस घेऊनच ये. बिघाड मोठा आहे, ताईला चार दिवस तरी लागतील, असं मी आईला सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, आठ धर.