घंटीवरचा रुमाल

दादा,

फुटपाथवरून आईला उचलत होते, तेव्हा तिने माझा हात दाबला. “पाय घसरला म्हणून सांग गं. दादा सायकल भंगारात घालेल, मग कामावर काय उडत जाशील?”

धडक माझ्याच सायकलची होती. ट्रकच्या भीतीने मी फुटपाथवर चढले. मागे बसवलेलं बाळ झोपलं होतं, ते उठू नये म्हणून घंटीला रुमाल बांधला होता; पुढे चालणाऱ्या आईला ती ऐकूच आली नाही. फुटपाथ चालणाऱ्यांचा, हे तू दहादा बजावलं होतंस. आईच्या खुब्याचं हाड मोडलंय. ती पुन्हा चालेल का, डॉक्टर सांगत नाहीत. खरं सांगायला जीभ रेटत नाही रे.

तुझी धाकटी

सकाळी चिठ्ठी वाचून दादा दवाखान्यात आला. आईने त्यालाही पाय घसरल्याचंच सांगितलं. खाली सायकलच्या घंटीवरचा रुमाल सोडून त्याने माझ्या हातात ठेवला.