शेंड्याचा मणी

गुरुवार, १८ फेब्रुवारी १९८२

द्राक्षांसाठी राज्याचं मंडळ निघणार, त्याच्या नियमांवर आज नाशकात बैठक झाली. बागायतदारांतर्फे मी होतो. आंबट माल बाजारात जाऊ नये म्हणून तोडणीआधी तपासणी हवी, हे मीच मांडलं. कृषी खात्याच्या साहेबांनी लिहून घेतलं, 'घडातला एक मणी चाखावा.' तेव्हा विंचूरचे नामदेवअण्णा मागून म्हणाले, "साहेब, वरचा मणी आधी पिकतो. खाली शेंड्याचा गोड लागला, मंग घड पिकला समजा." 'शेंड्याचा' हा शब्द मसुद्यात मीच घालायला लावला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी बागेत गेलो. सध्या भाव चढा आहे. आठवडाभरानं सगळ्यांचाच माल येईल. तोडणीच्या बायांची मुकादम सखूबाई, तिनं एक घड पुढे केला. मी वरचा मणी खाल्ला. हात आपोआप तिकडे गेला, असं लिहिणार होतो. पण तसं नाही.

"गोड आहे," म्हटलं.

तिनं शेंड्याचा मणी तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मंग उद्या किती बाया आणू, दादा?"

"वीस," मी म्हणालो.