डाव्या गुडघ्याचा फोटो

५ जानेवारी, रविवार

अठरा किलोमीटर! भिंगारहून जामखेड रस्त्याने जाऊन परत. गनीभाई शेवटपर्यंत सोबत होता. फर्निचरला पॉलिश मारून मारून त्याचे हात काळे झालेत, पण पाय अजून पोराचे आहेत. महिन्यापूर्वी आम्ही दहावर होतो. तेवीस फेब्रुवारीच्या शर्यतीत एकवीस पळायचे — छप्पन्नाव्या वर्षी.

परतताना डावा गुडघा कुरकुरला. पायरी उतरताना जास्त.

८ जानेवारी

दुखणं कमी नाही. संध्याकाळी सुमनने खाली बसून तिळाचं तेल चोळलं. "या वयात कशाला ही पळापळ?" म्हणाली. हिला काय सांगू? तीस वर्षं डेपोच्या गोदामात रजिस्टर भरण्यात गेली. पहाटेचे दोन तास तेवढे माझे आहेत.

१२ जानेवारी

शाळेत हाडांचं मोफत शिबिर होतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला. नोंद रेशनकार्डावर होती; आमचं कार्ड एकच, माझ्या नावाचं. "फुकट हाय तर माझाबी काढते," म्हणून सुमननेही नंबर लावला. मला हसू आलं. बाजारात जायचं तरी रिक्षा शोधणारी ही!

१६ जानेवारी

शिबिरातून दोन पाकिटं मिळाली, दोन्हींवर माझंच नाव. वरचं उघडलं. गुडघ्यात हाडाला हाड टेकलेलं. मधे फट म्हणून नाही. मलासुद्धा कळलं. दुसरं सुमनचं असणार, त्यात काय बघायचं? ते कपाटात टाकलं.

गल्लीतल्या कंपाउंडरला दाखवलं. "पळून पळून वाट लावलीत, काका. बंद करा आता."

१७ जानेवारी

बूट माळ्यावर टाकले.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे पाचला जाग येतेच. पडून राहिलो. रस्त्यावरून पावलं गेली. गनीभाईचीच असणार. रडू आलं. कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो.

तेल रोज चालू आहे. उठताना सुमन पलंगाचा कठडा धरते. विचारलं तर म्हणाली, "कंबर भरलीय." मलाच चीड येते — माझं एवढं मोठं दुखणं आणि हिचं मधेच कंबरेचं.

९ फेब्रुवारी

गनीभाई आला. चहाला हात न लावता बोलला, "कल्याणराव, गुडघा तुमचा हाय, पण निकाल लावला कंपाउंडरनं? डॉक्टरला दाखवा ना एकदा." दुखणं तसं थांबलंय हे त्याला सांगितलं नाही. आशा वाटायला नको म्हणून.

११ फेब्रुवारी

नगरला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, उकिडवं बसवलं. मग फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "हा कोणाचा आणलात?"

नाव माझं होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात वय एकोणपन्नास, आणि पुढे स्त्री.

डॉक्टर म्हणाले, तुमचा गुडघा ठणठणीत आहे. बेताने पळणाऱ्यांचे बहुतेक ठणठणीतच असतात. दहावरून एकदम अठरावर उडी मारलीत, म्हणून दुखला. मांड्यांचा व्यायाम करा, हळूहळू वाढवा. ही शर्यत सोडा, पुढची धरा.

पाकीट बदललं होतं! भिंगारपर्यंत रिक्षात एकटाच हसत होतो. घरी येऊन बूट खाली काढले, फडक्याने पुसले. सुमनला म्हणालो, "मला काही झालेलं नाही!" तिला खरंच आनंद झाला. शिरा केला.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुमन तेलाची वाटी घेऊन आली. सवयीने. कठडा धरून, एक पाय लांब करून, हळूच खाली बसायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की तो फोटो हिचा आहे. आयुष्यात कधी पळाली नाही ती. महिनाभर त्या गुडघ्यावर रोज खाली बसत होती.

"बोलली का नाहीस?"

"तुमच्याच गुडघ्याचं चाललं हुतं की."

वाटी तिच्या हातातून घेतली. माझ्याने वर बघवलं नाही.