चौदा वर्षं, चौऱ्याण्णव किलो

१ रमजान
औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ९४. काटा बिघडलाय. संकल्प : महिनाभर रोजे, रोज मॅच, ईदला ८४. इजिप्तमधल्या आमच्या झगाझिग शहरात गल्लीची रमजान फुटबॉल स्पर्धा उद्यापासून. मुलांचा गट, वय पंधरापर्यंत. माझं चौदा. सेंटर फॉरवर्ड मीच, दुसरं आहे कोण?

२ रमजान
समोरच्या टीमनं बोंब मारली, की हा बाप्या आहे, याला बाहेर काढा. आमचे कोच वगदी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, म्हणाले, हातेम, उद्या जन्मदाखला आण, नाहीतर मोठ्यांत खेळ. मोठ्यांत! म्हणजे विशीची पोरं! अपमान.
संध्याकाळ. विचार केला. ही तर बढती! दाखला बुटांच्या खोक्यात लपवला. आईला सांगितलं, सापडत नाही.

५ रमजान
मोठ्यांत पहिली मॅच, इफ्तारच्या तासभर आधी. वीस मिनिटांत गुडघा ठणकायला लागला. स्नायू तयार होतायत. आमचा बॅक ताहा म्हणाला, जाड्या, तू पडलास की जमीन हलते रे. कौतुक करतो बिचारा.
करंजीसारखे गोड कतायफ : नऊ. दिवसभराच्या उपाशी पोटात गेलेले, ते धरायचे नाहीत.

११ रमजान
९६. औषधवाल्या नेवीन मॅडम म्हणाल्या, एवढं वजन त्या गुडघ्यावर नाचवू नकोस, डॉक्टरला दाखव, तोवर खेळणं बंद. फुटबॉलमधलं यांना काय कळतंय? शिवाय वरचे दोन किलो म्हणजे नुसतं पाणी. रोज्यात पाणी कुठून आलं, असं राणियानं विचारलं. बहीण आहे की पोलीस!

१५ रमजान
जिना एकेक पायरी करत चढलो. व्यायाम म्हणून. आईला सांगितलं, नवे बूट चावतात. ती म्हणाली, बूट दोन वर्षांचे आहेत.
खरं लिहायचं तर भीती वाटते. पण परवा सेमीफायनल. आता दाखला कुठल्या तोंडानं काढू?

१८ रमजान
हॉस्पिटल.
काल हेडरला उडी मारली. उडी झकास होती. खाली आलो तो माझाच पाय माझ्याखाली. कट्ट आवाज पार कडेच्या लोकांनी ऐकला म्हणे.
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, पोरगा चौदाचा दिसतोय, गुडघ्यापाशी हाड जिथून वाढतं तीच जागा चेचलीय, हा पाय आखूड राहणार, फुटबॉल विसरा. मग ओरडले, कुठल्या गाढवानं याला मोठ्यांत उतरवलं?
कॅप्टन मान खाली घालून म्हणाले, दाखला मिळाला नव्हता.
आईनं माझ्या चपला असतील असं समजून घरून बुटांचं खोकं आणलं होतं. उघडलं. दाखला वरच. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
खाट मुलांच्या वॉर्डात. प्लास्टरचा पाय बाहेर लोंबतोय. शेजारच्या खाटेवरचं सहा वर्षांचं पोर मला काका म्हणतं. त्याला सांगितलं, अरे, मी चौदाचा आहे. ते म्हणालं, रमजानात खोटं बोलू नये, काका.